अल्टरनेटर उतरवण्याआधी

मे संपत आला की जुन्या जीप आणि जिप्सी गॅरेजच्या दाराशी लागू लागतात. कोणाला पावसात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जायचे असते, कोणाला गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजला गाडी उतरवायची असते. तक्रार बहुतेक वेळा एकच: चार्जिंग येत नाही, दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. आपल्या धंद्यातले उत्तरही ठरून गेले आहे. अल्टरनेटर उतरवायचा, कार्बन बदलायचे, नाही जमले तर रिवाइंडिंगला पाठवायचा, आणि तेवढा वेळ नसेल तर बाजारातून दुसरा आणून बसवायचा. गाडी त्या दिवशी चालू होते, पैसे मिळतात आणि महिन्याभरात तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते.

ऑटो इलेक्ट्रिशियन मित्रांना या अंकातून एकच आग्रह करायचा आहे. गाडीवर मोजमाप झाल्याशिवाय अल्टरनेटरच्या बोल्टला पाना लावू नका. जिप्सीचे उत्पादन थांबून काही वर्षे झाली, जुन्या महिंद्रा जीपांचे अस्सल सुटे भाग शोधावे लागतात. अशा वेळी चांगले चालणारे मूळ युनिट निष्कारण उघडणे किंवा भंगारात घालणे म्हणजे त्या गाडीचे कायमचे नुकसान आहे.

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी, 12 म्हणजे जवळजवळ उतरलेली. नुकतीच चालून आलेली गाडी असेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावून, बंद करून मग मोजा. नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. हायड्रोमीटर हल्ली अनेकांच्या पेटीतून गायब झाला आहे, तो परत ठेवा. एका सेलचे रीडिंग इतरांपेक्षा 50 अंशांनी, म्हणजे 1.250 च्या जागी 1.200 असे, खाली असेल तर त्या बॅटरीला जगातला कोणताही अल्टरनेटर पुरा पडणार नाही. आधी भरलेली, चांगली बॅटरी लावा आणि मगच पुढची चाचणी करा.

इंजिन जरा चढवून बॅटरीच्या खांबांवर 13.8 ते 14.5 व्होल्ट आले पाहिजेत. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळे लावून पुन्हा बघा. ओझ्याखालीही आकडा 13.5 च्या वर टिकला तर चार्जिंग ठीक आहे. तक्रारीचे कारण दुसरीकडे शोधा. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला आहे किंवा त्याला आकडा चुकीचा कळतो आहे. आकडा खाली राहिला तर सगळेजण अल्टरनेटरकडे बोट दाखवतात, आणि खरी गल्लत इथेच होते.

कारण अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामध्ये तीस वर्षांची वायर आहे. ओझे तसेच चालू ठेवा. मीटरचा एक प्रोब अल्टरनेटरच्या बी टर्मिनलच्या बोल्टवर लावा आणि दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. टर्मिनलच्या चिमट्यावर नको, शिशाच्या खांबावरच, कारण बऱ्याचदा दोष त्या दोघांच्या मधल्या पांढऱ्या थरातच असतो. आकडा 0.3 व्होल्टच्या आत हवा. दुसरी चाचणी अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत, तिथे 0.2 च्या आत. या दोन चाचण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. पहिल्या चाचणीत पूर्ण एक व्होल्ट मिळाला तर अल्टरनेटर 14.2 देतो आहे आणि बॅटरीला 13.2 पोहोचतो आहे. रेग्युलेटर स्वतःच्याच टर्मिनलवरचा आकडा पाहत असेल तर त्याच्या लेखी सगळे व्यवस्थित असते. बॅटरी मात्र कायम अर्धपोटी राहते आणि सहा महिन्यांत सल्फेट होऊन मरते. दोष वायरचा असतो, खर्च मात्र अल्टरनेटर आणि बॅटरी या दोन्हींवर होतो.

जुन्या जीपच्या डॅशवर अ‍ॅमीटर असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्या. चार्जिंगचा सगळा करंट इंजिनापासून डॅशपर्यंत येऊन, त्या अ‍ॅमीटरमधून परत जातो. मागच्या दोन नटांना खडबडीत रस्त्याचा हादरा वर्षानुवर्षे बसलेला असतो. नट ढिले, थिंबल काळी, वायरचे इन्सुलेशन कडक आणि तपकिरी दिसले की ती जागा तापते आहे हे नक्की. त्यात कोणी डायनामो काढून मोठा अल्टरनेटर बसवला असेल आणि वायर जुनीच ठेवली असेल तर हा बिघाड राहत नाही, आगीचा धोका होतो. अशा गाडीत बॅटरीपर्यंत योग्य जाडीची नवी वायर, योग्य फ्यूज घालून थेट न्या आणि डॅशवर व्होल्टमीटर बसवा. मालकाला जुना अ‍ॅमीटर दिसायला हवा असेल तर तो नुसता जागेवर राहू द्या.

अर्थची गोष्ट हल्ली वेगळ्याच कारणाने बिघडते. जीप रिस्टोअर करण्याची हौस वाढली आहे, ती चांगलीच आहे. पण चॅसी सँडब्लास्ट होते, तिच्यावर पावडर कोटिंग चढते आणि त्याच चकचकीत रंगावर अर्थ स्ट्रॅपचा बोल्ट आवळला जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला चॅसीचा दुसरा धड रस्ता उरत नाही. सेल्फ मारला की करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबलला हात लावून पाहा. ती गरम लागली तर आणखी काही तपासायची गरज नाही. स्ट्रॅपखालचा रंग धातूपर्यंत खरवडा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

चार्जिंगच्या दिव्याकडे आपण फारच कमी बघतो. बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीचा फील्ड करंट याच दिव्यातून मिळतो. चावी लावल्यावर दिवा लागलाच नाही तर बल्ब, त्याची वायर किंवा कार्बन यांपैकी काहीतरी तुटलेले आहे, आणि तसा अल्टरनेटर जोरात रेस केल्याशिवाय जागा होणार नाही. अलीकडे मीटरमध्ये हौसेने एलईडी बल्ब बसवतात. एलईडीमधून पुरेसा करंट जात नाही, त्यामुळे काल ठीक असलेली गाडी आज आयडलवर चार्ज होत नाही. दोन-तीन वॅटचा साधा बल्ब परत लावला की काम झाले. इंजिन चालू असताना दिवा मंद जळत राहिला तर मात्र डायोडवर संशय घ्या. ओझे लावून बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर डायोड प्लेट गेली. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीचाही आकडा दाखवतात, त्यामुळे या चाचणीसाठी चांगला मीटर हवा.

रात्रीतून बॅटरी उतरते ही तक्रारही अनेकदा डायोडचीच असते. निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर मध्ये जोडा. तो जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका. साध्या जीपमध्ये आकडा शून्याजवळ हवा, इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत 50 मिलीअँपिअरच्या आसपास. अर्धा अँपिअर गळत असेल तर दोन दिवसांत 24 अँपिअर-तास जातात, म्हणजे 45 च्या बॅटरीचा अर्ध्याहून जास्त भाग. अल्टरनेटरची बी वायर सोडल्यावर गळती थांबली तर दोष सापडला. ती थांबली नाही तर म्युझिक सिस्टीमपासून मालकाने स्वतः ओढलेल्या लाइट बारपर्यंत एकेक फ्यूज काढत जा.

अनेक डिझेल जीपांत अल्टरनेटरच्या मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. त्याचे सील गळले की ऑइल आत उतरते, कार्बन चिकट होतात आणि चार्जिंग जाते. तिथे नुसते कार्बन बदलणारा कारागीर पुढच्या बिघाडाची सोय करून ठेवतो. आणि या गाडीत फॅनबेल्ट तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकचा बूस्टही जातो, हे मालकाला स्पष्ट शब्दांत सांगणे आपले कर्तव्य आहे. घाटात उतरणाऱ्या गाडीचा तडे गेलेला बेल्ट 'अजून चालेल' म्हणून ठेवू नका.

एक सवय मात्र आजपासून बंद झाली पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'बंद पडते का बघू' असे करणे. डायनामोच्या काळात ती युक्ती खपून गेली. अल्टरनेटरवर ओझे एकदम सुटले की क्षणभर 80-100 व्होल्टपर्यंतचा झटका उसळू शकतो. त्यात डायोड जातात, रेग्युलेटर जातो आणि नंतरच्या एमपीएफआय जिप्सीत ईसीएमही जाऊ शकतो. चाचणीसाठी गाडी मोडायची गरज नाही, मीटर पुरेसा आहे.

शिवाय प्रत्येक तक्रारीत बिघाड असतोच असेही नाही. चार टनी विंच पूर्ण ओझ्यावर 400 अँपिअरच्या घरात खेचतो. तीन मिनिटे विंच चालवला की 20 अँपिअर-तास गेले. जुन्या जीपचा लहान अल्टरनेटर आयडलवर, चार जादा दिवे लावलेले असताना, ते भरून काढू शकत नाही. शंभर वॅटचे चार दिवे एकटेच 29 अँपिअर घेतात. अशा मालकाला नवा अल्टरनेटर विकण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. मग मोठा अल्टरनेटर घ्यायचा, दुसरी बॅटरी लावायची की दिवे कमी करायचे, ते त्याला ठरवू द्या.

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. ग्राहक पार्टचे पैसे देतो, तपासणीचे देताना कुरकुरतो. म्हणून पार्ट बदलला जातो. यावर उपाय आपल्याच हातात आहे. तपासणीची मजुरी वेगळी लावा, ती आधी सांगा, आणि जॉबकार्डवर आकडे लिहून द्या: बॅटरीचा उभ्याचा व्होल्टेज, ओझ्याखालचा व्होल्टेज, दोन्ही बाजूंचे ड्रॉप, रात्रीची गळती. काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा घेऊन शेजारी लिहा. या पावसाळ्यात येणाऱ्या प्रत्येक जुन्या जीप-जिप्सीच्या कार्डावर हे आकडे असू द्या, आणि त्यातली वेगळी वाटणारी उदाहरणे आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांत आम्ही ती छापू.