चेर्नोबिलची मुलं आणि गोंडपिपरीतलं मीठ: थायरॉइडचा संबंध काय?

१९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर बसलं, गायींच्या दुधातून मुलांच्या पोटात गेलं. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत २००५ पर्यंत, अपघातावेळी १८ वर्षांखालील असलेल्या ६ हजारांहून अधिक जणांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. सगळेच किरणोत्सर्गामुळे नाहीत, पण बराच वाटा त्याचा.

मुलांनाच का? त्यांची थायरॉइड ग्रंथी लहान, दूध पिणं जास्त. शिवाय ग्रंथीला साधं आणि किरणोत्सर्गी आयोडीन यातला फरक कळत नाही. आहारात आयोडीन कमी असेल तर ती मिळेल ते ओढून घेते. तिथल्या अनेक गावांत नेमकी हीच कमतरता होती. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांतच १ कोटीहून अधिक मुलांना साधं आयोडीन पाजलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीपासून तारापूर अणुवीज केंद्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यामुळे इथे आयोडीनच्या गोळ्या साठवण्यात अर्थ नाही. (डॉक्टरांना न विचारता तर नकोच.) इथला प्रश्न रोजच्या मिठाचा. गर्भवतीला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. घरातल्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन हवं. आशाताईंकडच्या किटचा थेंब टाकल्यावर मीठ निळं-जांभळं झालं, तर आयोडीन आहे. पांढरंच राहिलं, तर दुकानदाराला विचारा. आणि मिठाचा डबा झाकून, चुलीपासून लांब ठेवा.