शीड उभारणार गावात, शिक्का बसणार दिल्लीत

जुळ्या होड्यांच्या शर्यती, नवा क्रीडा कायदा आणि किनारी तालुक्यांपुढचा प्रश्न

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मंजूर झाला आणि ऑगस्टमध्येच राष्ट्रपतींची सहीही झाली. टीव्हीवर चर्चा रंगली ती क्रिकेट मंडळ या कायद्याखाली येणार की नाही, याचीच. देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनारी तालुक्यांच्या कामाची तरतूद मात्र वेगळी आहे. प्रत्येक राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संलग्न संघटना राज्यात आणि जिल्ह्यातही असल्या पाहिजेत, असं कायदा म्हणतो. शिडाच्या होड्यांच्या शर्यती हा खेळही त्यात आलाच. आजवर हा खेळ म्हणजे मुंबईचे क्लब, लष्कर, नौदल आणि दिल्लीतली यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया, एवढाच होता.

जिल्हा संघटना झाली तर पोरांच्या हातात होडी येईल की नुसतं लेटरहेड येईल, हा खरा प्रश्न आहे. कबड्डीपासून कराटेपर्यंत एका खेळाच्या दोन-दोन जिल्हा संघटना, दोन्हींचे अध्यक्ष वेगळे आणि मैदान एकाचंही नाही, हा प्रकार गावागावांत पाहून झालेला आहे.

हा खेळ इथे रुजवायचा तर होडी कुठली, इथून सुरुवात होते. आपल्या किनाऱ्याला सगळ्यात सोयीची कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद सांगाडे आडव्या दांड्यांनी जोडलेली जुळी होडी. हिला जेटी लागत नाही, खोल पाणी लागत नाही. चार जणांनी वाळूवरून ढकलली की लागली पाण्याला. शब्दही परका नाही. तमिळमधल्या ‘कट्टुमरम’वरून तो इंग्रजीत गेला, अर्थ ‘बांधलेली लाकडं’. मूळचं कट्टुमरम म्हणजे ओंडके बांधून केलेला तराफा, त्याला दोन सांगाडे नसतात. नाव तेवढं उचललं गेलं. आपल्याकडच्या होडीला बाजूला उलांडी असते, तिचं तत्त्व या जुळ्या होडीच्या जास्त जवळचं. रुंदी वाढवा म्हणजे होडी कलंडत नाही, हे इथल्या तांडेलाला कुणी शिकवायला नको.

या होडीचा आणि संस्थांचा इतिहास मात्र आपल्या कार्यकर्त्यांनी नीट बघण्यासारखा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हॉबी आल्टर नावाचा माणूस लाटांवर घसरायच्या फळ्या बनवायचा. त्याने १९६८ मध्ये वाळूवरून सोडता येणारी १४ फुटी जुळी होडी काढली, पाठोपाठ हॉबी १६ आली. लांबी साधारण ५ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास, खाली पाण्यात सोडायची पाटी नाही. आजवर अशा एक लाखाहून अधिक होड्या बनल्या. पण नुसत्या होडीच्या जोरावर खेळ वाढला नाही. तिच्याभोवती जी रचना उभी राहिली, तिने तो वाढवला. एका किनाऱ्यावरचे होडीवाले मिळून एक ‘फ्लीट’, काही फ्लीट मिळून एक विभाग. शर्यत त्यांनीच ठेवायची, जेवण त्यांनीच करायचं, बायकापोरांसकट तंबू ठोकून दोन दिवस किनाऱ्यावर राहायचं. जुन्या यॉट क्लबांनी या वाळूवरच्या मंडळींना सुरुवातीला फारसं जवळ केलं नाही. मान्यता नंतर आली. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत हॉबी १६ ही होडी होती. म्हणजे खेळ आधी वाढला आणि शिक्का मागून बसला.

याच्या उलट गोष्ट टॉर्नेडोची. ही वेगवान जुळी होडी १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये होती. नोव्हेंबर २००७ मध्ये पोर्तुगालमधल्या बैठकीत जागतिक संस्थेने २०१२ च्या ऑलिंपिकमधून जुळ्या होड्यांचा प्रकारच वगळला. जगभरच्या खेळाडूंनी ओरड केली, पण २००८ ची बीजिंग स्पर्धा टॉर्नेडोची शेवटची ठरली आणि लंडनमध्ये कॅटामरान नव्हतीच. २०१६ ला रिओमध्ये जुळी होडी परत आली, पण टॉर्नेडो नाही. नॅक्रा १७ ही नवी होडी आली, एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोडीने चालवायची. चांगला निर्णय होता तो. पण रिओनंतर लगेच तिच्याखाली पंख बसवून तिला पाण्यावरून उडती करायचं ठरलं. ज्यांनी कर्ज काढून होड्या घेतल्या होत्या, त्यांना एक तर बदल करून घ्यावे लागले किंवा नवी होडी घ्यावी लागली. टोकियो आणि पॅरिसला इटलीच्या एकाच जोडीने सुवर्ण नेलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताची जोडीही या प्रकारात उतरली. बघायला ही होडी जबरदस्त, पण गावच्या किनाऱ्यावर पोरांना शिकवायला ती उपयोगाची नाही.

राष्ट्रीय संस्थांचा पैसा आणि लक्ष साहजिकच ऑलिंपिकच्या प्रकाराकडे जातं. सरकारी अनुदान पदकाकडे बघून मिळतं, तर संस्था तरी दुसरं काय करणार? पण त्यामुळे वरून आलेली योजना आणि खालची गरज यांची गाठ पडत नाही. जिल्हा संघटनेने फक्त वरून आलेला होडीचा प्रकार राबवायचा ठरवलं, तर चार वर्षांनी तो प्रकारच बदललेला असू शकतो. मग बंदराच्या कडेला उन्हात तडकत पडलेल्या दोन महागड्या होड्या आणि त्यांच्यासमोर उद्घाटनाचा फलक, एवढंच उरेल.

मग संस्थेची गरजच काय, असंही कुणी म्हणेल. तर गरज आहे, आणि ती पोरांच्या दहावीच्या निकालाइतकी रोखठोक आहे. खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, हे सगळं मान्यताप्राप्त संघटनेच्या प्रमाणपत्रावर चालतं. गावातल्या मंडळाने गणपतीनंतर ठेवलेली होड्यांची शर्यत एखाद्या पोरीने दहा वेळा जिंकली, तरी त्या ढालीला क्रीडा कार्यालयात किंमत शून्य. शिवाय शर्यतीचे नियम जागतिक संस्था दर चार वर्षांनी सुधारते, सध्या २०२५ ते २०२८ ची आवृत्ती चालू आहे. ते शिकलेले पंच लागतात. निवड कुणाची आणि कशी, यावर दाद मागायला जागा लागते. नव्या कायद्यात त्यासाठी न्यायाधिकरण आहे. राष्ट्रीय संस्थांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि नामवंत खेळाडूंना जागा देण्याचं बंधनही आहे.

जे संस्था देऊ शकत नाही, ते म्हणजे सकाळी सहाला किनाऱ्यावर हजर असणारी माणसं. सुरक्षा बोट, तिचं पेट्रोल, लाइफ जॅकेट, फाटलेलं शीड शिवणारा, निरोप देणारा, पोरांना घरून आणून परत सोडणारा. हा सगळा भार स्थानिकांवरच येतो. बंदर कार्यालय, पोलीस, ग्रामपंचायत यांचे उंबरठेही त्यांनीच झिजवायचे. आणि मच्छीमारांशी बोलायचं ते पहिल्या दिवशी, शेवटी नाही. पर्यटनाच्या जलक्रीडांमुळे किनाऱ्याची जागा कमी होत चालल्याची तक्रार मालवण पट्ट्यात जुनी आहे. पर्ससीनच्या वादाने पोळलेला पारंपरिक मच्छीमार आणखी एका ‘वरून आलेल्या’ गोष्टीकडे संशयानेच बघणार. त्याच्या जाळ्यांची वेळ आणि जागा सोडून शर्यतीचा मार्ग आखला, तर तोच तांडेल सुरक्षा बोटीवर उभा राहील. मतलई आणि खारा वारा कधी बदलतो, हे त्याच्याइतकं कुठल्या प्रशिक्षकाला कळणार?

हे जमू शकतं का, याचं उत्तर समुद्र नसलेल्या राज्याने दिलं आहे. मध्य प्रदेशने भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या होड्यांची शाळा उभी केली. देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली नेहा ठाकूर तिथे शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊत मुलींच्या आयएलसीए ४ प्रकारात रौप्य घेऊन आली. हैदराबादच्या हुसेनसागरावर एका क्लबने सरकारी शाळांतली मुलं घेऊन खेळाडू घडवले. दोन्हीकडे होड्या आधी आल्या, त्याही लहान एकेरी होड्या. कॅटामरान दोघांची, जास्त वजनाची, ती पुढची पायरी. किनाऱ्यावर हाच क्रम परवडणारा आहे: लहान मुलांना ऑप्टिमिस्टसारखी छोटी डबा-होडी, १५-१६ च्या पुढच्यांना एकाच बनावटीच्या पाच-सहा जुळ्या होड्या. एकाच बनावटीच्या यासाठी, की जिंकलं कोण याचा निकाल पैशावर लागू नये.

आपल्याकडे साधनं अगदीच नाहीत असं नाही. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा केंद्र आहे. चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिचं नियोजन करणारी माणसं इथलीच आहेत. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी झाला, तेव्हा अख्खं नौदल दारात होतं. शिडाच्या खेळात सर्वात अनुभवी प्रशिक्षक नौदल आणि लष्कराकडेच आहेत.

जिल्हा संघटना नोंदवायला कुणी ना कुणी पुढे येईलच. तेव्हा घटनेच्या मसुद्यात तीन गोष्टी तपासायला हव्यात. मतदानाचा हक्क प्रत्यक्ष होडी चालवणाऱ्यांना आणि किनाऱ्यावरच्या मंडळांना आहे का, की फक्त संस्थापक सदस्यांना? होडीचा प्रकार ठरवताना जिल्ह्याचं ऐकलं जाणार का? आणि संलग्नतेची फी वर गेली की खाली काय येणार, पंच, विमा, की नुसती पावती? मसुदा सहीला जाण्याआधी तो मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवायला खर्च काही येत नाही.