शब्द फक्त गिऱ्हाइकाचा
दसऱ्याला दारात गाडी येणार म्हणून शेजारच्या काकू खुशीत होत्या, तर आदल्या संध्याकाळी शोरूमचा फोन: ‘मॅडम, ते मॉडेल नाही, वरचं घ्या, लाखभर जास्त पडतील.’ बुकिंग फॉर्मच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत सगळी कलमं त्यांच्याच सोयीची. आपण बुकिंग मोडलं की पैसे कापतात. त्यांनी मोडलं की ‘सॉरी’ आणि कॉफी, तीही मशीनची. माझं मत विचाराल तर ती कॉफी पिऊ नका, सरळ भांडा. पावती जपा, नकार लेखी मागा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, वकिलाशिवायसुद्धा. काकूंनी नुसतं ‘लेखी द्या’ म्हटलं आणि मॅनेजरला यार्डात नेमकी तीच गाडी सापडली.