दारात हत्ती बांधण्याआधी

परवा रात्री पुतण्यानं व्हॉट्सॲपवर तीन गाड्यांचे फोटो टाकले. खाली एकच ओळ : "काका, यातली कोणती घेऊ? सोमवारच्या आत टोकन द्यायचंय."

पहिली २०१४ ची रेंज रोव्हर स्पोर्ट, काळी, अठरा लाख. दुसरी २०१२ ची लँड क्रूझर प्राडो, पांढरी, सतरा लाख. तिसरी २०१३ ची फॉर्च्युनर, तीही पांढरीच, साडेअकरा. तिन्ही डिझेल, तिन्ही दिल्ली पासिंग.

गंगाखेडात तीस वर्षं स्पेअर पार्टचं दुकान चालवलं, म्हणून घरातले-दारातले गाडीचं मलाच विचारतात. पण या वेळी मीच उलट विचारलं, "पैसे कुठून?" बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "मासोळीच्या पाटाखालचं दीड एकर द्यायलोय. बाबा हो म्हणालेत."

उत्तर त्याला खासगीत देता आलं असतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न घेऊन माझ्याकडं आलेला तो पाचवा की सहावा पोरगा. गाड्या वेगळ्या, एकर वेगळे, प्रश्न तोच. म्हणून इथं लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आधी गाडीचं बोलू. विचारलंय ते सांगायला पाहिजे.

या गाड्या एवढ्या स्वस्त का, हे पहिलं समजून घ्या. दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई आली. हरित न्यायाधिकरणानं २०१५ मध्ये आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो कायम ठेवला. १ जुलै २०२५ पासून तर तिथल्या पंपावर अशा गाड्यांना डिझेल देणंच बंद केलं होतं, आणि चार दिवसांत ते मागं घ्यावं लागलं. पुढं कोर्टात उलटसुलट चालू राहिलं. पण तिकडच्या मालकानं धसका घेतला तो घेतलाच. ऐंशी लाखांची गाडी तो पंधरा-वीसला काढतो. ती त्याला नकोच आहे. त्याच्या दारातून निघालेला पांढरा हत्ती आपल्या दारात बांधायचा का, एवढाच प्रश्न आहे.

आता एकेक.

रेंज रोव्हर. चालवायला राजा, यात वाद नाही. पण या पिढीचं अख्खं अंग ॲल्युमिनियमचं. आपल्या डेंटरकडं हातोडी आहे, गॅस आहे, पत्र्यावर हात बसलेला आहे, पण ॲल्युमिनियमला ते काही चालत नाही. खाली स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या. पिशवी गळायला लागली की सकाळी गाडी म्हशीसारखी बसलेली सापडते. कॉम्प्रेसर गेला की बसली ती उठतच नाही. मग ती पुण्याला न्यायची, तीही ट्रकवर घालून. वीस-एकवीस इंची रिमच्या एका टायरचा भाव आधी विचारा आणि मग पाचवा टायर स्टेपनीला लागतो हे आठवा.

लँड क्रूझर प्राडो. यंत्र म्हणून तिघींत ही सरस. चासी वेगळी, बॉडी वेगळी, चारही चाकांना कायम ताकद, वर लो गिअर. जगात जिथं रस्ते नाहीत तिथं ही गाडी चालते आणि ते खरं आहे. तिचं ३ लिटरचं इंजिन जुन्या फॉर्च्युनरच्याच घराण्यातलं, त्यामुळं नांदेड-परभणीच्या मिस्त्रीला ते परकं नाही. पण इंजिन म्हणजे सगळी गाडी नव्हे. काच, दिवा, बंपर, दाराचं हँडल हे सगळं आयात. रानडुक्कर आडवं आलं आणि समोरचा एक दिवा फुटला, तर तो येईपर्यंत गाडी उभी. आणि २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला साध्या चारचाकीला ५ हजार फी आहे, आयात गाडीला ४० हजार. हे दलाल सांगत नाही.

फॉर्च्युनर. पार्ट मिळतो, मिस्त्री मिळतो, विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं. तिन्हीत व्यवहाराची हीच. पण फोटोतली नीट बघितली. ती टू बाय फोर आहे, ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. म्हणजे जिला आपण डोंगर चढणारी गाडी म्हणतो ती चिखलात टेम्पोएवढीच हुशार. शिवाय मीटरवर ९२ हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत. बारा वर्षांची गाडी, पॅडल असं, आणि ९२ हजार? मीटर मागं फिरवायला अर्धा तास लागतो. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो. मीटर खोटं तर तो हिशेबही खोटा, आणि चालत्या गाडीत बेल्ट तुटला की इंजिनाचं काम निघालंच.

घ्यायचीच असेल तर एवढं तरी करा. चासी नंबर कागदावर न बघता चासीवर बघा. कर्ज, चलान, ब्लॅकलिस्ट ऑनलाइन तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाडी पुरात बुडालेली असेल तर तिथं गाळाची रेघ सापडते. सर्व्हिसचा जुना रेकॉर्ड मागा, नाही दिला तर उठून या. आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका.

एनओसी आली म्हणजे झालं असंही नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली की एमएच २२ नंबर घ्यावा लागतो आणि रोड टॅक्स भरावा लागतो. तो तुम्ही दिल्लीत दिलेल्या सतरा लाखांवर नसतो. गाडीच्या मूळ किमतीवरून, वयाची सूट धरून काढतात. स्वस्तात घेतली म्हणून पेढे वाटलेल्या एकाचा चेहरा मी आरटीओच्या खिडकीसमोर बघितलाय.

हे झालं मिस्त्रीचं उत्तर. आता खरं बोलू.

मी पुतण्याला विचारलं, "तुला चारचाकी पाहिजे तर घरची बोलेरो काय वाईट आहे?" तो म्हणाला, "काका, तुम्हाला कळंना का? झेडपीचं तिकीट मागायचंय. बैठकीला बोलेरोत गेलं की गेटवरच थांबवतात. मोठ्या गाडीतून उतरलं की आतून माणूस घ्यायला येतो."

या वाक्यावर मला झोप आली नाही. कारण पोरगं खोटं बोलत नव्हतं.

आपल्याकडं तिकिटाचे निकष कुठल्याच पक्षाच्या घटनेत लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. मागं किती गाड्या, पुढं कोणती गाडी. पक्ष कोणताही घ्या, झेंडा कोणताही घ्या, बोनेट एवढंच उंच. नेता नवी घेतो, त्याची जुनी तालुक्याच्या माणसाकडं येते, तालुक्याची सर्कलच्या माणसाकडं. नेत्याची उतरलेली गाडी कार्यकर्ता प्रसाद म्हणून घेतो आणि प्रसादाचे हप्ते भरत बसतो.

आणि वरचे काय करतात? सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं सरकारी गाड्यांच्या किमतीची मर्यादा वाढवली. मंत्र्यांना ३० लाखांपर्यंत, आणि राज्यपाल-मुख्यमंत्र्यांना मर्यादाच नाही. त्याच सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात काय चाललं होतं ते आठवा. गोदावरी पात्र सोडून रानात शिरली होती. सोयाबीन उभ्या जागी कुजलं, काही ठिकाणी मातीसकट गेलं. कोरडवाहूला निकषाप्रमाणं हेक्टरी ८,५०० रुपये, वर रब्बीसाठी हेक्टरी १० हजार जाहीर झाले. दोन्ही मिळून १८,५००. एका हेक्टरच्या या मदतीत त्या काळ्या गाडीचा एक टायर तरी येतो का, दुकानात जाऊन विचारा. त्या पुराच्या पाहणीला ताफे आले, ते याच गाड्यांचे. ताफा बांधावर थांबला, काच खाली झाली, फोटो निघाला, काच वर गेली.

मला एक साधी गोष्ट कळत नाही. आमचे लोकप्रतिनिधी म्हणतात, ग्रामीण भागातले रस्ते खराब, म्हणून उंच गाडी लागते. अहो, पण रस्ते कुणाकडं आहेत? परभणी-गंगाखेड रस्त्याचं काम चाललं तेव्हा आपण सगळ्यांनी किती दिवस धूळ खाल्ली, दवाखान्यात नेताना किती बायाबापड्यांचे हाल झाले, ते आठवा. त्याच खड्ड्यांवरून ही गाडी लोण्यासारखी गेली. ज्याला खड्डा लागतच नाही तो खड्डा बुजवील कशाला? रस्ता करणाऱ्या माणसाला रस्ता न जाणवणारी गाडी देणं म्हणजे स्वयंपाक्याला उपासाचं व्रत देण्यासारखं आहे. मीठ कमी की जास्त, त्याला कळणार कसं?

आणि डोंगर चढण्याचं कौतुकही एकदा तपासून घ्या. आपली जमीन काळी. पावसात तिच्यावर अडीच टनांची गाडी घातली की टायरच्या खाचा पहिल्या दहा फुटांत चिकट मातीनं भरतात, टायर साबणासारखा गुळगुळीत होतो आणि गाडी पोटावर बसते. मग ती चारही चाकांची असो की दोन. दोन पावसाळ्यांपूर्वी डोंगरपट्ट्यातल्या एका गावच्या शिवारात अशीच एक रुतली होती, जर्मन बनावटीची. काढली कशानं? शेजारच्या शेतकऱ्याच्या पस्तीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरनं. त्या ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले होते आणि तो मागच्या बाकावर बसलेल्या साहेबांकडं त्याचंच गाऱ्हाणं घेऊन आला होता. साहेबांनी खाली उतरून चिखलात पाय ठेवला नाही. गाडी निघाली, साहेब निघाले, गाऱ्हाणं तिथंच राहिलं.

कुणी म्हणेल, काका, तुम्हाला गरिबाच्या पोरांची हौस बघवत नाही. तसं नाही बाबांनो. ज्याच्या आज्याला बैठकीत बसायला कुणी सतरंजी दिली नाही, त्याच्या नातवाला गाडीमुळं खुर्ची मिळत असेल तर त्याला गाडी का हवी, हे मला समजतं. मुंबईला रात्रीतून पाचशेच्या वर किलोमीटर जायचं तर मजबूत गाडी लागते, हेही मान्य. ज्याचा धंदा आहे, ज्याला झेपतं, त्यानं खुशाल रेंज रोव्हर घ्यावी आणि हौसेनं फिरवावी. माझं भांडण हौसेशी नाही. पोराची लायकी काय, हे त्याचं काम बघून न ठरवता त्याच्या गाडीच्या उंचीवर ठरवणाऱ्या लोकांशी आहे.

आणि त्या लोकांत मी आहे. हे लिहिलं नाही तर वरचं सगळं ढोंग ठरेल.

माझ्या दुकानासमोर मोठी गाडी थांबली की मी गल्ल्यावरून उठायचो. पोराला चहा सांगायचो, फडक्यानं खुर्ची पुसायचो. त्यातल्या दोघांनी उधारी बुडवली. सायकलवर पंधरा किलोमीटर येऊन पंपाचा बेअरिंग नेणारा शेतकरी मात्र उभ्यानंच पैसे मोजून जायचा. तीस वर्षांत त्याला मी खुर्ची दिल्याचं आठवत नाही. माझा पुतण्या शाळेतून यायचा तेव्हा दुकानातच बसायचा. मोठा माणूस कसा ओळखायचा, हे तो माझ्याकडं बघूनच शिकला असेल. मग आता त्याला कोणत्या तोंडानं सांगू की गाडीनं माणूस मोठा होत नाही?

तरी सांगतो. बाळा, तिघींत निवडायचीच तर यंत्र म्हणून प्राडो, व्यवहार म्हणून चांगली जपलेली दुसरी फॉर्च्युनर, आणि रेंज रोव्हर कधीच नाही. पण दीड एकर विकून यातली एकही नाही. हेक्टरी कितीही मदत मिळो, ती जमीन असलेल्याला मिळते. पाटाखालचं दीड एकर तुझ्या आज्यानं राखलं, तुझ्या बापानं राखलं. गाडी पाच वर्षांत भंगाराच्या काट्यावर जाईल. तिकीट मिळालं नाही तर काय, आणि मिळून पडलास तर काय, याचा हिशेब तुझ्या त्या गेटवरच्या माणसाकडं नाही. टाकी भरायचा दर तुला माहीत आहे. पेट्रोल-डिझेल महाग झालं की बातमीत आपल्या परभणीचं नाव पहिलं येतं.

आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनो, तुमच्यातले बरेच जण ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. एकदा जाहीर करून टाका, या वेळी मुलाखतीला येणाऱ्यांनी एसटीनं यायचं. तुमचेही दोन तास वाचतील. कोण किती लोकांना नावानं ओळखतो ते स्टँडवर उतरतानाच कळेल. करा एकदा. नाही जमलं तर निदान गेटवरच्या माणसाला सांगा, बोलेरो अडवू नको म्हणून.

बाकीच्यांनी, म्हणजे आपण, एवढंच करायचं. दारात कुणी आलं की आधी माणसाकडं बघायचं आणि मग तो कशातून उतरला ते. मी उद्यापासून सुरुवात करतोय. दुकान आता पोरगा बघतो, पण खुर्ची अजून माझ्याच हातात आहे.

पुतण्यानं मेसेज वाचलाय. निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही. सोमवारला तीन दिवस आहेत.