ठेका आणि गावकी

नगरपरिषदेच्या निविदेत अनामत रक्कम, मुदत, दर आणि दंड यांचा तपशील बारकाईने नमूद असतो. परंतु ज्या गावाच्या करातून ते बिल चुकते व्हायचे, त्या गावाशी ठेकेदाराने कोणता ऋणानुबंध राखावा, याविषयी तो दस्तऐवज बहुधा मौन पाळतो. ज्या तासगावचा बेदाणा दूरदूरच्या पेठांत जातो, तेथे जलवाहिनीच्या पाइपापासून घंटागाडीपर्यंतचा पुरवठा कोणाच्या हातांना काम देतो, हा प्रश्न, विशेषतः ई-निविदेमुळे परगावचा पुरवठादारही घरबसल्या दर भरू लागल्यावर, आम्हांस अगत्याचा वाटला; म्हणून हा अंक.

गणेशोत्सवाची वर्गणी किंवा शाळेला दिलेल्या वह्या आम्ही कमी लेखत नाही (फलकावरील नाव जरा लहान असते तर बरे!), पण आमचा रोख खुद्द कामावर आहे: सफाई कामगाराच्या हाती वेळेवर पडणारी पूर्ण मजुरी, त्याचे हातमोजे, भविष्यनिर्वाह निधीचा नियमित भरणा, स्थानिक तरुणाला मिळालेली उमेदवारी. काम स्थानिक हातांत देण्याची ही कल्पना नवी नाही: अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार वगळून बचत गट व महिला मंडळांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करीत आली आहे.

वाचकांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत. पुरवठादारांनीही लिहावे, कारण कचेरीत बिल रखडले की मजुरीही रखडते, ही त्यांची बाजू आम्हांस तितक्याच ठळकपणे छापावयाची आहे.