ड्रॉइंग मास्तरांच्या ट्रंका उघडा
जाहीर आवाहन



छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवरची दगडी पानं-फुलं, पशुपक्षी रोज लाखो प्रवाशांच्या डोक्यावर असतात. त्या कोरीवकामात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरची शिल्पं या शाळेतले शिक्षक लॉकवुड किपलिंग यांची. असं हे काम मुंबईकर येताजाता पाहतो, पण जे. जे.च्या फाटकातून आत जायला बिचकतो. ‘ते चित्रकारांचं’ म्हणून पुढे निघतो.

हा संकोच मोडावा, म्हणून हे आवाहन.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली ही शाळा २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर १८९० मध्ये इथे शिकायला आले आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहिण्याइतके इथलेच झाले. पण असं नाव थोड्यांनाच मिळालं. इथून शिकून गेलेले कितीतरी जण गावोगावी ड्रॉइंग मास्तर झाले. एलिमेंटरी-इंटरमीडिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र आपल्याकडून घोटून घेतलं ते त्यांनीच. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, गणपतीची आरास केली तीही त्यांनीच. कलेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला ओळही आली नाही. त्यांची स्केचबुकं आज माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत.

विद्यापीठाच्या कलासंग्रहात त्यांतली चित्रं आली, तर तो संग्रह बार्शीचा, चिपळूणचा, उदगीरचाही होईल. आजोबांचं चित्र भिंतीवर पाहणाऱ्या नातीला ‘ही जागा तुझी आहे’ असं वेगळं सांगावं लागणार नाही.

हे काम लांबणीवर टाकू नये. इथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनला पाठवलेल्या त्यांतल्या बऱ्याच तिथल्या १८८५ च्या आगीत गेल्या. आगीला एक रात्र पुरते, कसरीला वीस वर्षं लागतात. उरत काहीच नाही.

आपण एवढं करावं :

१. घरातली जुनी चित्रं सावकाश बाहेर काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. चित्रकाराचं नाव, गाव, साल आणि आठवणी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

२. छायाचित्रं काढून विद्यापीठाला लिहून कळवा. मूळ चित्र देण्याची घाई नको. द्यायचं ठरलंच, तर लेखी पावती घ्या.

३. विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन सहकुटुंब पाहा. चित्र कळलं नाही, तर ते काढणाऱ्यालाच विचारा.

४. शाळांनी सहलीत जे. जे. ठेवावं आणि मुलांबरोबर ड्रॉइंगच्या शिक्षकांना आवर्जून पाठवावं.

विद्यापीठालाही विनंती आहे. चित्रांखालची माहिती सोप्या मराठीत असावी. रविवारी दारं उघडी असावीत. क्रॉफर्ड मार्केटातल्या हमालांना आणि दुकानदारांना शेजारी म्हणून बोलावणं जावं. संग्रहातली निवडक चित्रं, निदान त्यांच्या चांगल्या प्रती, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांत फिराव्यात.

दिवाळीची साफसफाई निघाली की पिवळे पडलेले कागद आधी रद्दीत जातात. यंदा रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते एकदा उलगडून पाहा.

आपले,
जे. जे.चे काही माजी विद्यार्थी