पाट्या पळवू नका!

परवा माढ्याला गेलो होतो. टीव्हीवर सिनेमा लावला आणि पाट्या सुरू होताच भाच्याने बटण दाबून त्या पळवल्या. म्हणाला, "मामा, त्यात काय बघायचं?"

काय बघायचं? अरे, कमल शेडगे नावाच्या माणसाने नाटक-सिनेमांची नावं रेखाटण्यात आयुष्य घातलं. तेव्हा संगणक नव्हता. ब्रश, शाई आणि नजर. अक्षरांवरूनच नाटकाचा बाज कळायचा. २०२० साली ते गेले. आता एकच तयार फॉन्ट दहा सिनेमांना चिकटवायचा आणि वर म्हणायचं, प्रेक्षकांना पाट्यांत रस नाही! रस नाही, की तुम्ही चवच ठेवली नाही?

निर्मात्यांनो, नाव रेखाटणाऱ्याला नीट पैसे द्या, पाटीवर त्याचंही नाव द्या. आणि भाचेबुवा, दोन मिनिटं त्या बटणापासून लांब राहा. बघा, पटतंय का!